विहिरीपाशी पाठमोरी

१

कापड ओढायचा मान सरुबाईंचा होता. वास्तुशांतीचं हवन उरकलं होतं, हॉलभर धुराचा आणि तुपाचा वास कोंदला होता, आणि सोफ्यामागची अख्खी भिंत पांढऱ्या कापडाखाली झाकलेली होती. सरुबाईंनी पदर खोचला, देवाला जोडावेत तसे त्या कापडाला हात जोडले आणि टोक ओढलं.

भिंतीवर शेत उभं राहिलं.

उतरतं ऊन, हरभऱ्याचं हिरवं रान, बांधावरची जांभूळ, पलीकडे विहीर. रानाच्या मधोमध सगळं घर ओळीनं उभं. बाल्कनीतून खाली पाहिलं तर त्याच रानाच्या जागी आता लाल मातीचा खड्डा दिसत होता आणि त्यात डंपर फिरत होते. पाहुण्यांतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. शेफाली कोपऱ्यात उभी होती. हा क्षण तिला नेहमी आवडायचा. फोटो तिचा असला तरी त्या क्षणी तिच्याकडे कोणी बघत नसे, आणि तेच तिला बरं वाटे.

सरुबाईंचे मालक कोंडीरामअण्णा, घरातले कर्ते, समोरच्या खुर्चीत बसले होते. मोतीबिंदू पार पिकला होता. ऑपरेशन वास्तुशांत झाल्यावर करायचं ठरलं होतं. मघाशी गुरुजींना त्यांच्या हातात अक्षता धरून द्याव्या लागल्या होत्या. नातू पाया पडला तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून विचारलं होतं, "कोन रं? पृथ्वीराज का?"

अण्णांनी काठी उचलून भिंतीकडे रोखली.

"ती विहिरीपाशी कोन हाय?"

सगळ्यांच्या नजरा विहिरीकडे गेल्या. जांभळीच्या सावलीत, विहिरीच्या काठाशी, बोटाएवढी एक बाई उभी होती. पाठमोरी. हिरवं लुगडं, डोक्यावर कळशी.

सरुबाईंच्या हातातलं कापड खाली पडलं. सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघायला लागले. थोरला मुलगा मच्छिंद्र फोटोजवळ गेला, वाकून पाहिलं आणि वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम," तो शेफालीला म्हणाला, "फोटो काढला त्या दिशी रानात आमच्याबिगर कुनी नव्हतं. ही बाई कुठून आली?"

शेफाली फोटोजवळ गेली. तिनं काढलेल्या फोटोत तिथं कोणीही नव्हतं.

२

पुण्यात दगड मारला तर फोटोग्राफरला लागेल, असं शेफालीचा भागीदार आमोद म्हणायचा. लग्नं, डोहाळजेवणं, बारशी, ज्याच्याकडे कॅमेरा तो फोटोग्राफर. शेफालीही पाच-सात हंगाम लग्नांच्या मांडवात उभं राहून दमली होती. मग एकदा हिंजवडीशेजारच्या माणच्या एका लग्नात वधूचा आजा तिला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, नवरीचे फोटो काढनारे लई हायेत. आमच्या रानाचा काढशील का? सोमवारी जेसीबी येनार हाय."

तिनं काढला. तो म्हातारा फोटो घेऊन गावभर हिंडला. महिनाभरात नेरे, मारुंजी, म्हाळुंगे इथून फोन यायला लागले. रानं विकून ही माणसं मोठमोठ्या फ्लॅटांत राहायला गेली होती. भिंती ऐसपैस, आणि त्यांवर लावायला काही नाही. देवाची तसबीर देवघरात जायची, गेलेल्यांची दक्षिणेच्या भिंतीवर. समोरची मोठी भिंत मोकळीच राहायची. त्या भिंतीवर शेफालीचं काम लागलं. लग्नं तिनं सोडून दिली. पुढं पुढं बिल्डरच्या आधी लोक तिला जमीन दाखवायला बोलवायचे.

या कामात तिचा एकच नेम होता. सुरुवातीला एका घरी तिनं रानातला विजेचा मनोरा फोटोतून पुसून टाकला होता, चांगलं दिसावं म्हणून. घरातल्या म्हातारीनं फोटो पाहिला आणि ती म्हणाली, "हे आमचं न्हाई." तेव्हापासून शेफाली जे होतं ते पुसत नसे आणि जे नव्हतं ते घालत नसे. गावोगाव तिचं नाव याच एका गोष्टीवर चालत होतं.

आणि आज मच्छिंद्रनं भरल्या घरात, सगळ्या गावांच्या पाहुण्यांदेखत सांगितलं होतं, "परवाच्या सत्यनारायनाचे पाहुने जायच्या आत हे कुनी केलं ते सांगा. न्हाईतर तुमी फोटुत भुतं घालता, आसं मी समद्यांना सांगीन."

शेफाली तडक कसबा पेठेत आली. गणपतीच्या देवळामागच्या बोळात आमोदचं दुकान होतं. फोटो शेफाली काढायची, कापडावर छापून चौकट बसवायचा तो आमोद. त्याच्या वडिलांच्या काळापासून तिथं जुन्या, फाटक्या फोटोंतून माणसं उचलून नवे फोटो करायचं काम चाले. ज्या आईचा एकटीचा फोटोच नाही, तिला लग्नाच्या घोळक्यातून वेगळं काढून हार घालण्याजोगं करायचं, असलं काम. या वेळी शेफाली दुसऱ्या गावी होती, म्हणून छापलेला फोटो तिनं न बघताच कापडात गुंडाळून टेम्पोनं गेला होता.

"विहिरीपाशी बाई कुठून आली?" तिनं दारातूनच विचारलं.

आमोदनं चष्मा वर केला. "आधी आत ये. बोळात उभं राहून ओरडायला ही महापालिका नाही."

"आमोद, फाइल मी पाठवली तेव्हा तिथं कोणी नव्हतं."

"नसेल."

"मग?"

"मला जे दिलं ते मी छापलं," आमोद म्हणाला आणि पुन्हा कामाकडे वळला. "चहा घेणार असशील तर सांगतो. नसशील तर दार लोटून जा, मांजर आत येतं."

इतक्या वर्षांत आमोद तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. आजही त्याचा आवाज खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. पण त्यानं एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

३

घरी येऊन तिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. एक तिचा मूळचा, दुसरा भिंतीवरच्याचा मोबाइलवर घेतलेला.

बाईची सावली बरोबर पडली होती. ऊनही संध्याकाळचंच. नुसती बाई कापून चिकटवली असती तर असं जमलं नसतं. शेफाली विहिरीकडे बघत राहिली आणि मग तिच्या ध्यानात आलं. तिच्या फोटोत विहिरीवर लोखंडी जाळी होती. भिंतीवरच्या फोटोत जाळी नव्हती. तिथं दोन दगडी खांब होते आणि त्यांवर आडवा रहाट.

म्हणजे बाईबरोबर विहीरही बदलली होती. बाई आणि विहीर दोन्ही एकाच जुन्या फोटोतून आली होती. ती बाई त्या रानात खरोखर, कधीतरी, अशीच उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती हिंजवडीत मच्छिंद्रच्या मुलाला, पृथ्वीराजला भेटली. छापण्याआधी फाइल बघायला त्याच्याकडेच गेली होती, आणि संगणकाचं काम त्याच्या हातचं. कंपनीच्या फाटकाबाहेर टपरीवर दोघं उभी राहिली. समोर बसची रांग मुंगीच्या चालीनं सरकत होती.

"ताई, मी एडिट केलं असतं ना, तर पहिलं माझं पोट कमी केलं असतं," पृथ्वीराज म्हणाला. "सीरियसली, मी फक्त ओके पाठवलं."

"ती बाई कोण, तुला माहीत आहे?"

त्यानं चहाचा ग्लास फिरवला. "घरात नाव घ्यायचं नसतं."

"कोणाचं?"

"आत्याचं. मला आत्या आहे हेच मला दहावीत कळलं. तेही शेजारच्या काकूच्या तोंडून. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, जातीबाहेर. मी तेव्हा रांगत होतो." तो थोडा थांबला. "लोक म्हणतात माझं नाक तिच्यावर गेलंय. मी आरशात बघतो कधी कधी."

"तिचा जुना फोटो कोणाकडे असेल?"

"आमच्याकडे? एकही नाही. आजीला विचारा."

ती निघाली तेव्हा तो मागून म्हणाला, "पप्पांना वाटतंय मी आमोदकाकांना फितवलं. कारण मी कसब्यात गेलो होतो, मागच्या आठवड्यात. पण मी गाडीतून उतरलोसुद्धा नाही. पार्किंगच नव्हतं. आजोबांना पत्रिका ठेवायची होती गणपतीसमोर, पहिली पत्रिका. म्हणाले, माझा मी जातो. परत यायला त्यांना इतका वेळ लागला, मला वाटलं देवळात हरवले."

४

सरुबाई नव्या स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभ्याच होत्या. बसायला खुर्च्या होत्या, पण त्यांना त्यांची सवय नव्हती. हॉलमधून मच्छिंद्रचा फोनवरचा आवाज येत होता.

"आई, तुम्ही केलंत का हे?" शेफालीनं हळू विचारलं.

सरुबाईंनी मान हलवली. "माज्या हातनं झालं आसतं तर बरं वाटलं आसतं, पोरी. पर मला सुचलं न्हाई. येवढ्या वर्सांत मला सुचलं न्हाई बघ."

"तुम्ही ओळखलंत तिला."

"पाठीवरनं? पाठ तर मीच चोळायची की न्हाताना." त्या फडक्यानं कोरडाच ओटा पुसत राहिल्या. "गेली त्या सकाळी आशीच पान्याला निघाली. मी म्हनलं, लवकर ये. ती म्हनली, येते. तवापासनं मी वाट बघतीया. आता विहीरबी न्हाई. आली तर कुठं येनार ती?"

"फोटो कोणाकडे राहिला असेल?"

"कुनाकडं न्हाई. ती गेली त्या दुपारी ह्यांनी समदे फोटू अंगनात आनले. शाळंतले, जत्रंतले. आनि चुलीत घातले. मी आडवी झाले, तर समद्या भावकीसमोर पान्याचा तांब्या उचलून म्हनले, जो तिचं नाव घेईल त्याच्या हातचं पानी मी पिनार न्हाई." त्यांचा आवाज खाली गेला. "मालकांचा सबूद हाय. माजं पानी त्यांनी सोडलं तर मी काय करू? मग मी मनातच नाव घेत आले."

"सगळे जाळले? एकही राहिला नसेल?"

"तिचं तोंड दिसंल आसा एकबी न्हाई."

शेफाली जागच्या जागी थांबली. तोंड दिसेल असा एकही नाही. पण भिंतीवरची ती पाठमोरी होती. ज्यानं चुलीत घालायचे फोटो निवडले, त्यानं पाठमोरा फोटो तोंड दिसत नाही म्हणून सोडला असेल. की सोडता यावा म्हणून तेवढं निमित्त धरलं असेल?

ती हॉलमधून बाहेर पडत होती. अण्णा त्यांच्या खुर्चीत बसले होते, फोटोकडे तोंड करून. ती अगदी समोरून गेली तरी त्यांची पापणी हलली नाही. चपलांचा आवाज झाला तेव्हा ते म्हणाले, "कोन ते?"

जिन्यात पोचल्यावर शेफालीनं मागं वळून दाराकडे पाहिलं. हाताच्या अंतरावरचं माणूस ज्याला दिसत नाही, त्याला हॉलच्या त्या टोकावरून बोटाएवढी बाई दिसली कशी?

५

आमोद कुलूप लावून निघायच्या बेतात होता.

"काल तू म्हणालास, मला जे दिलं ते मी छापलं," शेफाली म्हणाली. "मी तुला कधी काही देत नाही. मी फाइल पाठवते. दिलं म्हणजे हातात दिलं. कागद दिला."

आमोदनं किल्ली पुन्हा खिशात टाकली. "शुद्ध मराठी बोलण्याचा हा तोटा," तो म्हणाला. "आत ये."

त्यानं खण उघडला. रंग उडालेला एक फोटो तिच्यापुढे ठेवला. विहीर, रहाट, जांभूळ, पायाशी नवीकोरी पाण्याची मोटर. मोटर विकणाऱ्या दुकानदारानं बसवल्याबद्दल काढलेला फोटो. मागे दुकानाचा शिक्का होता. मोटरीमागून एक मुलगी कळशी घेऊन निघाली होती. फोटोच्या मधोमध घडी पडून पांढरी रेघ उमटली होती, वर्षानुवर्षं खिशात ठेवलेल्या कागदावर पडते तशी.

"तुला माझा नेम माहीत होता, आमोद."

"माहीत होता. म्हणूनच मी नाही म्हटलं. मी म्हटलं, आमच्या बाई जे नव्हतं ते घालत नाहीत." आमोद फोटोच्या कडा सारख्या करत होता, जरी त्या सारख्याच होत्या. "तर म्हातारा म्हणाला, ती हुती की. त्याला मी काय उत्तर देणार? तुला सुचतंय का एखादं?"

शेफालीनं फोटो त्याच्या हातातून घेतला. आर्वीकडचं तिच्या वडिलांचं रान कालव्यात गेलं तेव्हा तिच्याजवळ कॅमेरा नव्हता. त्या रानाचा कुठला तरी पाठमोरा का होईना, एखादा तुकडा मिळावा म्हणून तिनं किती घरांचे अल्बम चाळले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"कोणाला सांगू नको म्हणाले. देवळातल्या एका पोराचा हात धरून आले होते, कपाळावर गंध ओलं होतं. शब्द दिला मी." आमोदनं चष्मा काढून शर्टाला पुसला. "तुझं नाव जाईल हे मला तेव्हा कळायला हवं होतं. ते माझं चुकलं."

आता कोणी केलं ते कळलं होतं. पण एक गाठ सुटत नव्हती. ज्यानं लपूनछपून तो फोटो घातला, त्यानंच भरल्या घरात काठी रोखून 'ती कोण' असं का विचारावं? चोर स्वतःच्या चोरीवर बोट कशाला ठेवील?

दुसऱ्या दिवशी शेफालीनं मूळच्या फाइलचा नवा फोटो छापून घेतला आणि गुंडाळी घेऊन बसमध्ये बसली. हिंजवडीच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. तिथं, पुढच्या बसच्या लाल दिव्याकडे बघता बघता, तिला उत्तर सापडलं.

६

सत्यनारायणाची पूजा झाली होती. बाहेरचे पाहुणे जेवून बाल्कनीत बसले होते. हॉलमध्ये घरचीच माणसं होती.

"बोला मॅडम," मच्छिंद्र म्हणाला. "कोन निघालं? आमचा इंजिनेर, का तुमचा तो कसब्यातला?"

"आमोदनं बसवला. पण जुना फोटो त्याला घरातूनच दिला गेला," शेफाली म्हणाली. "पृथ्वीराजनं नाही. तो तेव्हा रांगत होता, त्याच्याकडे फोटो कुठून येणार? आईंनीही नाही. सगळे फोटो त्यांच्या डोळ्यांदेखत चुलीत गेले. एक तेवढा राहिला, तोंड दिसत नव्हतं म्हणून. तो कोणाकडे राहिला? चुलीत घालणाऱ्याकडे."

मच्छिंद्र अण्णांकडे वळला.

"परवा कापड निघालं तेव्हा इथं कितीतरी माणसं होती. चांगल्या डोळ्यांची. त्यांच्यातल्या एकालाही विहिरीपाशी कोणी दिसलं नव्हतं. दिसलं फक्त त्यांना, ज्यांना नातवाचं तोंड हातानं चाचपावं लागतं. त्यांना दिसलं नव्हतं. त्यांना माहीत होतं."

कोंडीरामअण्णा हलले नाहीत. दोन्ही हात काठीवर, तोंड भिंतीकडे.

"आन्ना?" मच्छिंद्र म्हणाला. "मग तुमीच इचारलं कशाला, ती कोन म्हनून? आमाला वाटलं तुमी चिडला."

शेफालीनं त्यांच्या खुर्चीजवळ बसून, त्यांना ऐकू जाईल एवढंच म्हटलं, "अण्णा, मी सांगू? चुकलं तर थांबवा. तुम्ही भावकीसमोर शब्द दिला होता, म्हणून तुम्हाला नाव घेता येत नव्हतं. दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला लावायचं होतं. तुम्ही रागानं नाही विचारलंत. तुम्ही खरंच विचारत होतात."

अण्णांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"मला वाटलं, घर भरलेलं आसंल," ते म्हणाले. "चार मान्सं आसतील. फोटुत दिसली की कुनाच्या तरी तोंडातनं नाव जाईल. पोरासोराच्या जाईल. बाईच्या जाईल. एकदा कानावर पडलं आसतं, तर मग..." ते थांबले. "कुनी बोललं न्हाई. समदी माज्या तोंडाकडं बघाया लागली. मी आंधळा झालो, पर तेवढं मला कळतं."

मच्छिंद्र सोफ्यावर खाली बसला. परवापासून ताठ असलेली त्याची मान हळूहळू खाली गेली.

"तुमचं नाव खराब केलं, बाई," अण्णा शेफालीला म्हणाले. "मच्छिंद्रा, बाल्कनीत जाऊन सांग मान्सांना. फोटुत काय खोटं न्हाई म्हनून सांग. माज्या नावानं सांग."

मच्छिंद्र उठला नाही. पृथ्वीराज उठला. "मी सांगतो, आजोबा," म्हणाला, पण दारापाशीच थांबला, कारण अण्णांनी काठी उचलली होती. परवासारखीच, विहिरीच्या दिशेनं. टोक बरोबर जांभळीखाली गेलं.

"आता सांगा की कुनीतरी," ते म्हणाले. "ती विहिरीपाशी कोन हाय?"

मच्छिंद्रनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

स्वयंपाकघराच्या दारातून सरुबाई पुढे आल्या. इतक्या वर्षांत मनातल्या मनात घेतलेलं ते नाव तोंडात यायला वेळ लागला. आलं तेव्हा अगदी साधं आलं, अंगणातून हाक मारावी तसं.

"मंदी हाय," त्या म्हणाल्या. "आपली मंदाकिनी. पान्याला गेलीया."

काठी खाली आली. सरुबाई आत गेल्या. माठात तांब्या बुडाल्याचा आवाज झाला. त्या बाहेर आल्या आणि अण्णांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. हातात भरलेला पेला होता, आणि त्यातलं पाणी काठापर्यंत हेलकावत होतं.

शेफालीनं आणलेली गुंडाळी भिंतीला टेकून तशीच राहिली. ती उघडायला कोणी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

"पानी," सरुबाई म्हणाल्या.

अण्णांनी दोन्ही हात पुढे केले. पेला आणि धरणारे हात दोन्ही चाचपले. मग पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.